साठच्या पुढं गेली की

रंगुबाई : अगं ए, अगं! आता काय आडवं आलं?

निकिता : काही नाही, आई. रस्ता मोकळाच आहे.

रंगुबाई : मोकळा हाय तर पाय कशाला दाबलास एवढा? ह्यांचं डोकं माज्या मांडीवरनं पार खाली घसारलं. आजारी मानूस हाय मागं, उसाचं वाढं न्हाई.

निकिता : मी पाय दाबलाच नाही. गाडीनं आपल्या आपण ब्रेक मारला.

रंगुबाई : गाडीनं!

निकिता : हो.

रंगुबाई : बैल बुजतो, घोडं बुजतं. लोखांड बुजल्यालं मी न्हाई पाह्यलं अजून.

निकिता : आई, नानांना एका कुशीवर धरा. तोंडातली लाळ बाहेर येऊ द्या, आत नको जायला. धरलंत?

रंगुबाई : धरलंय. चाळीस वरसं धरलंय, आता काय सोडीन. पानी मागत्यात ते.

निकिता : पाणी नाही द्यायचं. डॉक्टरांनी फोनवर दोनदा सांगितलंय, ठसका लागला तर घात होईल.

रंगुबाई : पानी न्हाई गं, तीर्थ हाय. देवळातलं. सप्त्याच्या समाप्तीचं.

निकिता : बोट बुडवून ओठाला लावा फक्त. गिळायला नका देऊ.

रंगुबाई : तीर्थाचाबी ठसका लागतो व्हय तुमच्या डॉक्टरच्या शास्त्रात? ... बरं. लावते बोटानं. आवो, घ्या. घाबरू न्हाई. पोचलोच आपन नगरला. ... निकिता, ह्यांचा उजवा हात चाललाय बघ माज्या गुडघ्यावर. ताल धरलाय.

निकिता : चालू दे. थांबला की मला लगेच सांगा.

रंगुबाई : डावा तसाच पडलाय, वल्ल्या फडक्यावानी.

निकिता : कळलं.

रंगुबाई : लई उकडतंय. काच खाली घे की.

निकिता : काच तुमच्याकडची तुमच्या बटणानं होईल. दारावर बघा.

रंगुबाई : दारावर कुटं बटन? समदं गुळगुळीत. बाहेरून दाराला मूठ न्हाई, आतून बटन न्हाई. चढताना चार मानसं ह्यांना उचलून उभी, आन दार कुटनं उघडायचं ते कुनालाच कळंना. तुजा नवरा गाडी घेतली तवा म्हनला हुता, आई, मूठ आत लपलीय, दाबली की येती बाहेर. मूठ लपवायची वस्तू हाय का? मूठ काय सोन्याचा डाग हाय?

निकिता : थांबा, मी एसी वाढवते. तोही ह्या पडद्यातच घातलाय. एक... दोन... हे पान नाही. रस्त्यावरची नजर काढून बोट फिरवत बसा नुसतं.

रंगुबाई : मग तोंडानं सांग तिला. हर्षलनं सांगितलं की ऐकती.

निकिता : इंग्रजीत सांगितलं की ऐकते. परवा मी मराठीत म्हटलं, थंड कर, तर म्हणाली, जवळचं लॉज दाखवू का.

रंगुबाई : खड्ड्यात जाऊ दे तिला.

निकिता : धरा!

रंगुबाई : आई आई आई! परत?

निकिता : परत. नानांना लागलं?

रंगुबाई : त्यांना न्हाई, माजं ढोपर लागलं फुडच्या शिटाला. मागचा टरकवाला किती वरडतोय बघ.

निकिता : ओरडेल नाही तर काय. ऐंशीवरून एकदम वीसवर आली गाडी. तो बाहेरून काढू शकला म्हणून वाचलो. उसाची जोडट्रॉली असती मागं, तर तिला कुठलं थांबता येतंय.

रंगुबाई : मी सकाळीच म्हनले हुते, ज्याची गाडी त्यानं चालवावी. शिकून चार महिनं न्हाई झालं तुला.

निकिता : आठ झाले.

रंगुबाई : तुजा पाय जड हाय ब्रेकवर. मान्य कर आन नीट चालीव. गाडीवर कशाला ढकलती?

निकिता : आई, मी रडत बसू की गाडी चालवू? नेवासा फाट्यापासून चौथ्यांदा झालं. चारही वेळा माझा पाय दुसऱ्या पॅडलवर होता. तुम्ही मागं आहात, तुम्हाला माझा पाय दिसतो का?

रंगुबाई : न्हाई दिसत.

निकिता : मग.

रंगुबाई : फोन वाजतोय.

निकिता : तुमच्या मुलाचा. बोला, स्पीकरवर आहे. अख्खा पडदा अडवून बसलाय त्याचा फोन, मला वेगसुद्धा दिसत नाही.

हर्षल : निकी, कुठं आलात?

निकिता : वडाळा मागं टाकलं आत्ता. तू?

हर्षल : पुण्याहून निघालोय, शिक्रापूरला आहे. डॉक्टरांशी बोलणं झालंय. ते तयार आहेत, स्कॅनचं मशिन मोकळं ठेवलंय. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन आहे, लकव्यावरचं. सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर उलटं मेंदूत रक्त उतरायची भीती. म्हणून ते परत परत विचारतायत, नक्की किती वाजता सुरू झालं? आई, ऐकतेस ना?

रंगुबाई : ऐकती.

हर्षल : किती वाजता?

रंगुबाई : ... साडेबाराला. पंगतीला बसले आन कलंडले. समद्या गावानं पाह्यलं.

हर्षल : त्याआधी अगदी ठीक होते?

रंगुबाई : मृदंग वाजवला की. काल्याच्या कीर्तनाला. दोन तास.

हर्षल : मग ठीक. साडेबारा म्हणजे पाच वाजेपर्यंत वेळ आहे. स्कॅनला पाऊण तास धर. निकी, घाई करू नकोस.

निकिता : हर्षल, गाडी आपोआप ब्रेक मारतेय.

हर्षल : ते फीचर आहे. समोर काही आलं की ती थांबते. सेफ्टीचे पाच स्टार उगीच नाही दिले तिला.

निकिता : समोर काही नसतं तेव्हा थांबतेय. मोकळ्या रस्त्यावर. मागून येणारा आमच्यावर चढला तर पाच स्टार कुणाला दाखवू?

हर्षल : बंद कर मग. सेटिंगमध्ये जा, तिसरं पान, खाली सरक...

निकिता : चालत्या गाडीत ते पान उघडत नाही. मघाशी कडेला उभी करून बंद केलं. निघायला गिअर टाकला की परत चालू.

हर्षल : हां... ते प्रत्येक वेळी रिसेट होतं. कंपनीनं मुद्दाम केलंय. सेफ्टी.

रंगुबाई : हर्षल, तुज्या सेफ्टीनं तुजा बाप दोनदा खाली पडला असता.

हर्षल : आई, तू मधे बोलू नको, मी सांगतो ना. निकी, किती वेगाला करतेय असं?

निकिता : थांब, आठवू दे. गावाच्या रस्त्यानं आलो तेव्हा एकदाही नाही. फाटा ओलांडला, साठच्या पुढं गेली, तेव्हापासून. चाळीसवर धरली की गरीब गाय.

हर्षल : मग चाळीसवर चालव. सव्वा तासात पोचाल. पाच वाजेपर्यंत वेळ आहे म्हटलं ना. जिवंत पोचा.

निकिता : ठीक. ठेवते.

रंगुबाई : चाळीसनं?

निकिता : चाळीसनं.

रंगुबाई : अगं, सायकलवाला फुडं जाईल.

निकिता : जाऊ दे. आत्ता तर म्हणत होतात, पाय जड आहे, नीट चालव.

रंगुबाई : म्हनले मी. तरी जरा जोरात घे.

निकिता : आई, वेळ आहे. हर्षलनं हिशोब केलाय.

रंगुबाई : डॉक्टर काय, लवकर आलं तर न्हाई म्हनतो का? घे गं जोरात. मी ह्यांना घट धरते. बसू दे धक्के.

निकिता : आणि मागून कुणी धडकलं तर? नाना कसे आहेत, ताल चालू आहे?

रंगुबाई : हाय. जरा ढिला झालाय.

निकिता : बोलतायत काही?

रंगुबाई : काय तरी म्हनत्यात. जीभ जड झालीय. ... व्हय व्हय. कळलं मला. झोपू नका तुमी. निकिता, घोडेगाव आलं का?

निकिता : येईल दहा मिनिटांत.

रंगुबाई : किती वाजलं?

निकिता : एक पंचवीस.

रंगुबाई : आन पोचू कधी?

निकिता : अडीच. फार तर पावणेतीन, घाटात ट्रक लागले तर.

रंगुबाई : त्याच्या फुडं पाऊन तास ते मशिन.

निकिता : साडेतीन होतील. दीड तास हातात उरतो. तुम्ही नामस्मरण करा बरं शांत.

रंगुबाई : न्हाई उरत.

निकिता : काय?

रंगुबाई : दीड तास न्हाई उरत.

निकिता : साडेबारापासून साडेचार तास...

रंगुबाई : साडेबारा न्हाई गं. सव्वादहा.

निकिता : आई, काय म्हणालात?

रंगुबाई : कीर्तन दहाला उभं राह्यलं. महाराजांनी अभंग धरला, ह्यांनी थाप टाकली. पहिली चाल झकास झाली. दुसऱ्या चालीला डाव्या हाताची थाप आलीच न्हाई. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावत्यात, तिचा आवाज असा पोटातनं येतो. चाळीस वरसं त्या आवाजावर सैपाक केलाय मी, रियाजाला बसायचे तवा. त्यो आवाजच गेला. नुसतं उजवं अंग टनटन वाजाय लागलं. मी मान वर करून पाह्यलं, तर डावा हात मांडीवर. उचलायला बघत्यात आन उचलंना.

निकिता : आणि कुणी ओळखलं नाही?

रंगुबाई : शेजारी दुसरा मृदंग हुता ना, त्या पोराला वाटलं, नाना आपल्याला मान देत्यात, फुडं कर म्हनत्यात. त्यो सुटला जोरात. लोकांनीबी माना डोलावल्या.

निकिता : तुम्ही उठलात का नाही?

रंगुबाई : उठत हुते. गुडघा टेकला हुता. ह्यांनी माज्याकडं बघून डोळं मोठं केलं. गप, म्हनून. काल्याचं कीर्तन मोडू नको म्हनून. सात दिवसांचा सप्ता, हजार मानूस बसल्यालं... माजा पाय परत खाली गेला. मला वाटलं, मुंगी आली आसंल हाताला. दोन तास मी म्हनत राह्यले, मुंगी आली आसंल.

निकिता : आई, मघाशी हर्षलनं विचारलं तेव्हा तरी...

रंगुबाई : पोरगं काय म्हनलं असतं? डोळ्याफुडं बाप पडत हुता आन आई टाळ्या वाजवत हुती? तुमचं चाळीसनं ठरलं तवा मला वाटलं, हिला धक्का देऊन जोरात न्यायला लावीन, मंजी बोलायचं काम पडनार न्हाई. तू आयकंनास.

निकिता : सव्वादहा आणि साडेचार. पावणेतीन.

रंगुबाई : व्हय.

निकिता : पावणेतीनला सुई टोचलेली पाहिजे. म्हणजे दोनला दारात. पस्तीस मिनिटं, आणि अजून चाळीस किलोमीटर.

रंगुबाई : पळीव.

निकिता : पळवली की ब्रेक मारेल.

रंगुबाई : मग इचार कर काय तरी! शिकल्याली हायेस ना. का मारती? भूत दिसतं का तिला साठच्या फुडं?

निकिता : परत फोन हर्षलचा.

रंगुबाई : घे.

निकिता : नाही, कापते. मघाशी फोनच्या मागं काहीतरी पिवळं लुकलुकत होतं पडद्यावर. हां. आहे अजून. "फ्रंट सेन्सर... झाकला गेला आहे."

रंगुबाई : मंजी काय?

निकिता : गाडीच्या नाकात, त्या कंपनीच्या चिन्हामागं, एक डोळा असतो. त्यानं ती समोरचं बघते. त्याच्यावर काहीतरी आलंय. चिखल नाही, काल धुतली मी. मग साठच्या पुढंच का... वारा लागल्यावरच का... आई, हार.

रंगुबाई : कुटला हार?

निकिता : नाकावरचा. झेंडू आणि ती जरीची गोंडेदार माळ. हळू असताना खाली लोंबत असणार. जोरात गेली की वाऱ्यानं उडून बरोब्बर डोळ्यासमोर नाचते, आणि हिला वाटतं समोर माणूस उभा आहे.

रंगुबाई : त्यो महाराजांच्या गळ्यातला हार हाय.

निकिता : मला माहीत आहे.

रंगुबाई : न्हाई माहीत तुला. कीर्तन झाल्यावर महाराजांनी सोत्ताच्या गळ्यातला काढून ह्यांच्या गळ्यात घातला. मृदंगवाल्याला कोन घालतं? चाळीस वरसांत पहिला. आन हे काय म्हनले? म्हनले, माज्या गळ्यात कशाला, सूनबाईनं आनलं आपल्याला, तिच्या गाडीला घाला. उजव्या हातानं त्यांनी धरला आन मला म्हनले, तू बांद. डाव्याला गाठ कुटली मारता येतीय. मीच बांदला, नाडा घालून, तीन गाठी.

निकिता : माझ्या गाडीला म्हणाले?

रंगुबाई : तुज्याच. हर्षलचं नाव न्हाई काढलं.

निकिता : ... बाजूला घेते. घोडेगावच्या अलीकडं टपरी आहे, तिथं जागा आहे.

रंगुबाई : ह्यांचा जीव टांगनीला आन त्यांच्या हातचा मान मी तोडून काढू? अपशकुन हाय गं पोरी.

निकिता : मग मी काढते.

रंगुबाई : थांब. तू उतरू नको. परत चालू करायला तुला पडदा दाबावा लागंल, गाडी चालूच ऱ्हाऊ दे. ... आज महाराज काय म्हनले ठावं हाय का? म्हनले, आपन फूल वाहतो, देव त्यातला भाव घेतो. फूल मागं उरतं त्याला निर्माल्य म्हनत्यात, त्याच्यात अडकू नये. समद्यांनी माना हलवल्या. मीबी हलवली. दोन तास डोळ्याफुडं इस्तव पेटला हुता आन मी मान हलवत हुते. ... दार कुटनं उघडतं?

निकिता : खाली, डाव्या हाताला, चौकोनी बटण. जोरात दाबा. नानांच्या डोक्याखाली तुमची शाल ठेवा आधी.

रंगुबाई : ठेवली. आवो, आले मी, हाय हितंच. ... दाबलं. उघडंना.

निकिता : परत. दोनदा दाबावं लागतं. पहिल्यांदा नुसतं कुलूप उघडतं.

रंगुबाई : दोनदा! घाईत कोन दोनदा दाबतं? उघडलं.

निकिता : सुटतोय का?

रंगुबाई : गाठ निघंना! तीन मारल्यात मेल्या मीच!

निकिता : कात्री देऊ? पर्समध्ये आहे...

रंगुबाई : दात हायेत मला अजून. सुटला! निघाला!

निकिता : बसा लवकर. दार ओढा. ओढलं?

रंगुबाई : ओढलं. हार वटीत घेतलाय. चल.

निकिता : नाना?

रंगुबाई : हात चालू हाय. ... पन्नास झालं का?

निकिता : पंचावन्न. घट्ट धरा.

रंगुबाई : धरलंय.

निकिता : साठ.

रंगुबाई : पांडुरंगा.

निकिता : सत्तर. ऐंशी. नव्वद.

रंगुबाई : न्हाई मारला.

निकिता : नाही मारला.

रंगुबाई : एवढी अक्कल खर्चून गाडी बांदली, आन नवी गाडी घेतली की मानूस हार कुटं घालतं हे कुनाला इचारलं न्हाई व्हय? नाकावरच घालनार. आन ह्यांनी नेमका नाकावर डोळा बसवला.

निकिता : आई, हर्षलला मी सांगते. सव्वादहाचं. तुम्ही नका बोलू त्याच्याशी आत्ता.

रंगुबाई : काय सांगशील?

निकिता : नानांनीच वाटेत सांगितलं म्हणेन. त्यांचं त्यांना जाणवलं होतं म्हणेन. तुमचं नाव नाही येणार.

रंगुबाई : सकाळपासनं तुला किती टाकून बोलले मी.

निकिता : बोललात. घाट आला. खड्डे आहेत, मान धरा त्यांची.

रंगुबाई : जेऊर किती ऱ्हायलं?

निकिता : घाट उतरला की जेऊर. बोलत राहा त्यांच्याशी. झोपू द्यायचं नाही.

रंगुबाई : आवो, आयका. ह्या वरसी सप्त्याला बारा गावं आली हुती. आमटी खारट झाली म्हनं पंगतीत, तुमी जेवलाच न्हाई, तुमाला काय कळनार. त्या दुसऱ्या पोरानं लई धावपळ केली मृदंगावर. चुकलाबी दोनदा. तुमी असता तर कान धरला असता. धरायचाय तुमाला. आयकताय ना? बोट दाबा माजं. ... दाबलं, निकिता. उजव्यानं दाबलं.

(नगर. रुग्णालयाच्या अपघात विभागाचं दार. स्ट्रेचर, ड्यूटीवरची डॉक्टर, दोघी.)

डॉक्टर : गोरक्षनाथ, ना? फोन आला होता. दोन वाजून दोन मिनिटं. शेवटचे अगदी ठणठणीत कधी दिसले? माझ्याकडं साडेबारा लिहिलंय.

निकिता : मॅडम, साडेबारा नाही. नानांनी आम्हाला वाटेत सांगितलं, त्यांना स्वतःला...

डॉक्टर : पेशंटनं सांगितलं? यांना तर धड बोलता येत नाहीये. अशा वेळेला पेशंटच्या अंदाजावर मी सुई नाही देऊ शकत. डोळ्यांनी पाहिलेलं कुणी आहे का?

रंगुबाई : निकिता, सरक जरा बाजूला.

डॉक्टर : तुम्ही कोण यांच्या?

रंगुबाई : मालकीन. सव्वादहाला, बाई. मी बघत हुते.